टर्नर, फिटर, वेल्डर होणाऱ्यांसाठी स्मृती शिष्यवृत्ती: सोलापुरात अर्ज कसा करायचा

मी टर्नर आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी लेथ, म्हणजे धातू गोल फिरवून कापणारं संगणकावरचं यंत्र, चालवते. २०१६ साली दहावीनंतर आयटीआयला प्रवेश घेतला तेव्हा वडील पॉवरलूमवर होते आणि आई घरी विड्या वळायची. त्या दोन वर्षांत मला एका स्मृती शिष्यवृत्तीने हात दिला. सोलापुरातच टूलरूमचे फोरमन म्हणून हयात घालवलेल्या एका गृहस्थांच्या नावाने त्यांच्या मुलांनी ती सुरू केली होती. त्यांचं नाव इथे देत नाही, घरच्यांना गाजावाजा आवडत नाही.

त्याच वर्षी मी आणखी एका ठिकाणी अर्ज केला होता. तो बाद झाला. गुण पुरेसे होते, कागद चुकले होते. तेव्हा कुणी अर्धा तास बसून समजावलं असतं तर दोन्हीकडून मदत मिळाली असती. आता दर उन्हाळ्यात आमच्या भागातली मुलं फॉर्म घेऊन घरी येतात, तेव्हा मी तो अर्धा तास देते. इथे तेच लिहून काढलं आहे.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, टूल अँड डाय मेकर, फौंड्री अशा वस्तू घडवणाऱ्या ट्रेडला जे निघालेत त्यांच्यासाठी हे आहे. मेकॅनिकल किंवा टेक्स्टाइल डिप्लोमाला जाणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

१. ट्रेड आधी पक्का करा

आधी पैसे कुठून येतील ते बघू, मग ट्रेड ठरवू, असं घरोघरी चालतं. उलट करा. अर्जात पहिलाच प्रश्न असतो, "हाच ट्रेड का?" ज्याने यादीत नंबर लागला म्हणून ट्रेड घेतला, त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एका वर्षाचा. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पूर्ण अभ्यासक्रमाची, हे त्यावर जुळवून बघा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. तसा विचार असेल तर आतापासून अर्जात लिहा. पुढे शिकू पाहणारा मुलगा देणाऱ्यांना आवडतो.

प्रवेशापूर्वी एक दिवस काढून विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयत किंवा तुमच्या तालुक्याच्या आयटीआयत जा आणि परवानगी घेऊन वर्कशॉप बघा. अक्कलकोट रोडला एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या दारात दहा मिनिटं उभं राहिलात तरी चालेल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती विणणारा माग रोज चालू राहतो तो बुश, गिअर आणि शाफ्ट करून देणाऱ्या या वर्कशॉपमुळे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. याच शहरात गाड्यांच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्टही बनतात. आपला ट्रेड गावात कुठे उपयोगी पडतो हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की पुढे लिहायला शब्द शोधावे लागत नाहीत.

२. शिष्यवृत्ती शोधायची कुठे

मोबाइलवर शोधून या शिष्यवृत्त्या फारशा सापडत नाहीत. बहुतेकांची जाहिरातच नसते. पाच-दहा मुलांना द्यायची, तर जाहिरात कोण करणार? त्या माणसांकडून कळतात.

सगळ्यात आधी आयटीआयचे निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे सर. त्यांच्याकडे दरवर्षी कुणीतरी येऊन "गरजू आणि कामसू दोन मुलं सांगा" असं म्हणून जातं. मग ऑफिसबाहेरचा सूचना फलक. त्यानंतर आई-वडील जिथे काम करतात तो कारखाना आणि त्यांची पतसंस्था. समाजाच्या ट्रस्ट, रोटरी-लायन्ससारखे क्लब, एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या संघटना, गणेशोत्सव मंडळं. आणि रोजचं वर्तमानपत्र: संचार किंवा जे घरी येत असेल त्याच्या आतल्या पानांवर, पुण्यस्मरणाच्या बातमीत शेवटच्या ओळीला असतं, "यावेळी होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्यात आली." ती ओळ सापडली की कात्रण ठेवा आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवसाच्या आसपास पुन्हा वाटप होणार. अर्ज त्याच्या दोन महिने आधी मागा.

एक धोका इथेच सांगते. अर्जासाठी "प्रोसेसिंग फी" मागणारा, किंवा आधार आणि ओटीपी फोनवर मागणारा, कुणीही असो, त्याच्याकडून उठून या. आठवणीसाठी पैसे वाटणारं घर तुमच्याकडून पाचशे रुपये घेत नाही. संस्था अनोळखी असेल तर तिचा ट्रस्ट नोंदणी क्रमांक विचारा. धर्मादाय कार्यालयात त्या क्रमांकाची खात्री करता येते. एखादं कुटुंब ट्रस्ट न करताही थेट मदत देतं, त्यात गैर काही नाही, पण तेही पैसे मागत नाही. आधारची प्रत द्यायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं, मास्क केलेलं आधार द्या.

३. ज्यांच्या नावाने आहे, त्यांची माहिती काढा

पुढचं काही विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज नियमात बसतो का एवढं पाहिलं जातं. स्मृती शिष्यवृत्तीचा अर्ज एक घर वाचतं. कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाचा तरुण मुलगा. जेवणं उरकल्यावर ताटं बाजूला सारून चार माणसं तुमचा कागद हातात घेतात. त्यांना पैसे द्यायचे असतातच. आपल्या माणसाला आवडलं असतं असं मूल कोणतं, एवढंच ती शोधत असतात.

आमच्या भागातल्या एका मुलाने अर्जात लिहिलं होतं, "थोर समाजसेवक, शिक्षणमहर्षी यांच्या पावन स्मृतीस वंदन करून..." ज्यांच्या नावाने शिष्यवृत्ती होती ते फौंड्रीत मोल्डर होते. साचा भरण्यात आयुष्य गेलं. अर्ज वाचणाऱ्या त्यांच्या मुलीने नंतर मला सांगितलं, "बाबांनी कधी माइक हातात धरला नाही गं. त्या मुलाने एकदा विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं." मुलगा हुशार होता. वाक्य कुठूनतरी उतरवलेलं होतं, आणि ते त्या घराला लागलं.

मग काय करायचं? अर्ज आणायला जाल तेव्हा सरळ विचारा: "ते काय काम करायचे?" बहुतेक घरांत हा प्रश्न विचारल्यावर बसायला सांगतात, चहा येतो. कुणी मिलमधल्या पाळीची गोष्ट सांगतं. जुनी मिल १८७७ ची, त्या आणि पुढच्या गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराने आपला दिवस लावला होता, आणि त्या पिढीतल्या कितीतरी जॉबर, फिटर, मेकॅनिक लोकांची नावं आज अशाच छोट्या शिष्यवृत्त्यांवर आहेत. ऐका. वहीत टिपून ठेवा. अर्जात त्यातली एकच गोष्ट यावी, आणि ती तुम्हाला खरोखर भिडलेली असावी. स्तुती नको.

मला सांगितलं गेलं होतं की माझ्या शिष्यवृत्तीचे ते फोरमन रोज संध्याकाळी मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं साधन) पुसून, तेलाचं बोट फिरवून, दोन्ही तोंडांत जराशी फट ठेवूनच डबीत ठेवायचे. नव्या पोरांना आधी तेवढंच शिकवायचे. मी अर्जात लिहिलं, "मायक्रोमीटर मी अजून हातात धरलेला नाही. धरीन तेव्हा संध्याकाळी पुसून फट ठेवूनच डबीत ठेवीन." आजही तसाच ठेवते.

४. कागदपत्रं: यातच बहुतेकांचं बिनसतं

साधारण ही यादी लागते:

- दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- आयटीआयचं प्रवेशपत्र किंवा फी भरल्याची पावती, आणि बोनाफाइड
- तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासी किंवा अधिवास दाखला, रेशनकार्ड
- आधार
- विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, पहिलं पान
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- मागितला असेल तरच जातीचा दाखला
- एक किंवा दोन शिफारसपत्रं

मूळ कागद कुणालाही देऊन येऊ नका. दाखवा आणि परत घ्या. प्रतींवर "मूळ प्रतीप्रमाणे खरी" असं लिहून स्वतःची सही करा. प्रत्येक कागद फोनवर नीट उजेडात स्कॅन करून स्वतःलाच मेल करून ठेवा.

आता तीन ठिकाणं, जिथे आपली मुलं हमखास अडकतात.

नाव. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी. आडनाव शाळेत एका कानाने ऐकून लिहिलं, आधारच्या केंद्रावर दुसऱ्या. गाजूल एका कागदावर, गाजुल दुसऱ्यावर, आणि इंग्रजीत एका ठिकाणी शेवटी एक एल तर दुसरीकडे दोन. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. माझा बाद झालेला अर्ज यावरच गेला: गुणपत्रिकेतलं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळलं नाही, संस्थेने पाठवलेले पैसे परत गेले, आणि मला कळेपर्यंत मुदत संपली होती. उपाय असा, की दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव प्रमाण धरा. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग बँकेत केवायसी द्या. हाच क्रम ठेवा, कारण बँक आधार बघूनच नाव बदलते. वेळ नसेल तर "ही दोन्ही नावं माझीच आहेत" असं स्वयंघोषणापत्र अर्जाला जोडा आणि देताना तोंडीही सांगा. खासगी ट्रस्ट बहुधा समजून घेतात. लपवलेलं मात्र कुणी समजून घेत नाही.

उत्पन्नाचा दाखला. पॉवरलूमवर पगारपत्रक नसतं, मजुरी आठवड्याला हातात येते. विडीचं तर आठवड्याचं कामही सारखं नसतं. त्यामुळे "आमच्याकडे पुरावाच नाही" म्हणून लोक हातपाय गाळतात. रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल यावर तहसीलदारांचा दाखला निघतो. सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज करा आणि पोचपावती जपून ठेवा. शहरातला तुमचा भाग उत्तर सोलापूर तालुक्यात येतो की दक्षिण, हे रेशनकार्डावर बघून जा. चुकीच्या ठिकाणी रांगेत अख्खी सकाळ जाते.

आणि एप्रिल-मे मध्येच जा. ऊन असतं, डोक्याला रुमाल बांधून जा, पण जा. निकाल लागल्यावर अख्खा जिल्हा त्या खिडकीवर असतो. त्यातच आषाढी येते आणि महसूल खात्याची बरीच माणसं वारीच्या व्यवस्थेत गुंतलेली असतात. दाखल्यावर कोणत्या वर्षाचं उत्पन्न आहे आणि तो कधीपर्यंत वैध आहे, हे तिथेच उभं राहून वाचा. उत्पन्न कमी दाखवायचा मोह होतो, आजूबाजूचे तसा सल्लाही देतात. स्मृती शिष्यवृत्ती देणारे याच गावातले असतात. तुमचं घर, तुमची गल्ली त्यांना माहीत असते. खरं आहे तेच सांगा.

बँक खातं. आई-वडिलांचं खातं चालत नाही, असं गृहीत धरा. दहावी पास मूल अल्पवयीन असलं तरी त्याच्या नावाने खातं निघतं. शाळेत असताना काढलेलं शून्य शिल्लक खातं असेल तर आधी ते चालू आहे का बघा. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, मग केवायसी देऊन ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड उतरवू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये आंध्रा बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. आपल्याकडे या बँकांची जुनी पासबुकं अजून घरोघरी आहेत. शाखेत जाऊन नवा कोड छापून घ्या. मदत धनादेशाने मिळाली तर तो तीन महिन्यांच्या आत भरायचा असतो. हार घालून फोटोजवळ ठेवलेला आणि मुदत उलटून गेलेला धनादेश मी पाहिला आहे.

५. "स्वतःबद्दल लिहा" हा रकाना

इथे सगळे घाबरतात आणि कुणाकडून तरी लिहून घेतात. सायबर कॅफेत तर तयार मजकूर असतो, नाव बदललं की झालं. असे पाच कागद एकाच सुरात वाचल्यावर वाचणाऱ्याला काय कळणार? तुमचं मराठी साधं असेल, एखादी वेलांटी चुकेल. चालतं. स्वतः लिहा, स्वतःच्या अक्षरात लिहा.

हे बघा, असं नको:

"लहानपणापासूनच मला अभियांत्रिकी क्षेत्राची प्रचंड आवड आहे. आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मी जिद्दीने शिकत आहे. तरी माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती."

आणि हे गेल्या वर्षी फिटर ट्रेडला गेलेल्या एका मुलाने लिहिलेलं, त्याला विचारून इथे देते:

"वडील जकार्डच्या मागावर चादरी विणतात. माग बंद पडला की जॉबर येईपर्यंत मजुरी बंद. आमच्या शेडला एकच जॉबर तीन ठिकाणी फिरतो. दहावीच्या सुट्टीत मी त्याच्यामागे पाने धरायला जायचो. पिकिंगची काठी सारखी का मोडते ते त्याने मला दाखवलं. नट जास्त आवळला होता. तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमेल."

यात गरिबी हा शब्द कुठेच नाही, तरी घर दिसतं. मोडलेली काठी दिसते. आणि फिटर का, याचं उत्तर आपोआप आलं.

लिहायला बसण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. मी हाताने केलेली, दुरुस्त केलेली शेवटची वस्तू कोणती? तिच्यात काय चुकलं होतं? मग मी काय केलं? सायकलचा ब्रेक, आईचं शिलाई यंत्र, शेतातली मोटर, घरकुलाच्या दाराची कडी, काहीही चालेल. एक पान पुरे. मिळालेल्या पैशाचं काय करणार, तेही नेमकं लिहा: सेफ्टी शूज, एप्रन, गॉगल, स्वतःचा व्हर्नियर (माप घेण्याची सरकती पट्टी), ड्रॉइंगचं साहित्य, बसचा पास. "शैक्षणिक खर्चासाठी" एवढं लिहून थांबू नका. आयटीआयत वर्कशॉपची हत्यारं मिळतात, पण स्वतःचा व्हर्नियर असलेल्या मुलाचा हात लवकर बसतो. देणाऱ्यांपैकी ज्याने हे काम केलंय त्याला ते लगेच कळतं.

६. शिफारसपत्र

नगरसेवकाचं पत्र घेण्यासाठी धावपळ करू नका. ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलं आहे त्याचं पत्र घ्या. शाळेतले विज्ञानाचे सर, आयटीआयचे निदेशक, सुट्टीत ज्यांच्या गॅरेजला गेलात ते मेस्त्री. मेस्त्रींना लेटरहेड नसतं, ते साध्या कागदावर चार ओळी लिहून सही करतील. तुमचा फॉर्म आणि यादी त्यांना आधी दाखवा, निदान आठवडाभर वेळ द्या. आदल्या रात्री दार वाजवू नका.

७. अर्ज देताना

स्वतः जाऊन द्या, सोबत आई किंवा वडील असावेत. पोच घ्या, त्यावर तारीख असू द्या. अख्ख्या अर्जाची झेरॉक्स घरी ठेवा. फोन नंबर असा द्या जो दोन महिन्यांनीही चालू असेल. रिचार्ज संपल्यामुळे फोन लागला नाही आणि पुढच्या नावाला शिष्यवृत्ती गेली, असं झालेलं आहे. शेजाऱ्यांचा किंवा मामांचा दुसरा नंबर त्यांना विचारून लिहा.

८. मुलाखत

हिला मुलाखत म्हणतात, पण बहुतेक वेळा ते घरच्या दिवाणखान्यातलं बोलणं असतं. माझी सप्टेंबरच्या शेवटी झाली. आयटीआय सुरू होऊन दोनेक महिने झाले होते. निदेशकांनी सांगितलं होतं, "तू केलेला जॉब घेऊन जा." जॉब म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा. मी स्टेप टर्निंगचा पहिला जॉब रुमालात गुंडाळून नेला. पंचवीस मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा रॉड, त्यावर तीन पायऱ्या.

समोर दोन मुलगे, एक सून आणि त्यांच्या वडिलांबरोबर काम केलेले एक म्हातारे काका. काकांनी काही न विचारता तो जॉब उचलला, खिडकीकडे धरून फिरवला, नखाने पायरीच्या कडेवरून एकदा ओढ घेतली आणि खिशातून स्वतःचा व्हर्नियर काढला. पहिली पायरी मापात. दुसरी मापात. तिसरी पाव मिलिमीटर कमी.

"ही कशी गेली?" त्यांनी विचारलं.

माझ्या पोटात गोळा आला. वाटलं म्हणावं, मशीन जुनं होतं. पण मला कारण ठाऊक होतं. मी म्हटलं, "काका, शेवटचा कट देताना हँडल जरा पुढे गेलं. मागे घेतलं, पण बॅकलॅश काढला नाही. डायलवर आकडा बरोबर दिसला आणि टूल आत राहिलं."

हँडल उलटं फिरवताना स्क्रू आणि नटातली ढील जाईपर्यंत टूल हलत नाही, आकडा मात्र बदलतो. म्हणून मागे पूर्ण फिरवून पुन्हा पुढे यायचं असतं. हे मला जॉब बिघडल्यावर कळलं होतं. काकांनी मान हलवली, व्हर्नियर खिशात ठेवला आणि जॉब माझ्या हातात परत दिला. पुढचे प्रश्न सूनबाईंनी विचारले: ये-जा कशी करतेस, मुलींसाठी तिथे सोय कशी आहे, आई काय म्हणते. दहा मिनिटांत संपलं.

सांगायचं ते एवढंच, की या खोलीत चूक लपवू नका. मापात नसलेला जॉबही न्या, फक्त तो का बिघडला ते सांगता आलं पाहिजे. ट्रेड नुकताच सुरू झाला असेल आणि जॉब नसेल तर ड्रॉइंगची वही न्या. कपडे स्वच्छ असावेत, नवे असण्याची गरज नाही. मराठी अडखळत असेल तर तसं सांगा. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड कळणारं कुणीतरी खोलीत असतंच.

मुलींना एक प्रश्न हमखास येतो: "लग्नानंतर काम करणार का?" रागावू नका. घरी आधी बोलून घ्या आणि जे ठरलं असेल ते सांगा. माझ्या आईने बाहेर बसून माझ्याआधी उत्तर दिलं होतं, "करणारच. विड्या मी लग्नानंतरच वळते आहे ना."

९. मिळाल्यानंतर

रक्कम बहुधा दोन हप्त्यांत येते. दुसऱ्या हप्त्यासाठी हजेरी आणि निकाल दाखवावा लागतो. आयटीआयत परीक्षेला बसायलाच ऐंशी टक्के हजेरी लागते, तीच इथेही धरा. पावत्या एका पाकिटात ठेवा, कुणी मागो न मागो.

पहिल्या हप्त्यानंतर एक पोस्टकार्ड टाका किंवा जाऊन भेटा. काय घेतलं ते दाखवा. पुण्यस्मरणाच्या दिवशी बोलावलं तर सुट्टी टाकून जा, मागे बसा, सतरंज्या उचलायला थांबा. पुढे अप्रेंटिसशिपसाठी कारखाना शोधताना हीच माणसं फोन करून देतात. माझी पहिली अप्रेंटिसशिप तशीच मिळाली.

१०. सोबत सरकारी वाटाही धरा

एका अर्जावर विसंबून राहू नका. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे कोणती योजना लागू होते ते आयटीआयच्या ऑफिसात विचारा. तिथले पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. दोन खाती असतील तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत तपासा.

आई विडी कामगार असेल आणि तिचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती आहे. पहिलीपासून वरच्या शिक्षणापर्यंत वर्षाला १,००० ते २५,००० रुपये, इयत्तेप्रमाणे. आयटीआयची मुलंही यात बसतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. कुंभारीच्या घरकुलांत हजारो विडी कामगार बाया राहतात आणि तरी कितीतरी घरांत हे माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आईचं ओळखपत्र शोधा, त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव आजच ताडून बघा.

मुलगी डिप्लोमाला जाणार असेल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती बघा: वर्षाला ५०,००० रुपये, घराचं उत्पन्न वार्षिक आठ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असावा लागतो.

ट्रेड पूर्ण झाल्यावर अप्रेंटिसशिपला विद्यावेतन मिळतं. त्यासाठी अप्रेंटिसशिपच्या केंद्रीय पोर्टलवर नोंदणी शेवटच्या परीक्षेच्या आसपासच करून ठेवा.

सरकारी आणि स्मृती, दोन्ही मिळाल्या तर? काही योजनांना दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही, काहींना चालते. दोन्हीकडे विचारा आणि अर्जातल्या त्या रकान्यात खरं लिहा. मी लिहिलं होतं. फोरमनकाकांच्या मुलांनी वाचलं आणि म्हणाले, "चालेल, व्हर्नियर आमच्याकडून घे."

नाव लागलं नाही तर जाऊन कारण विचारा. नम्रपणे विचारलं की सांगतात. मग तोच अर्ज फाइलला लावून ठेवा आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा द्या. दोन वर्षांच्या ट्रेडला दुसऱ्या वर्षी घेणाऱ्या शिष्यवृत्त्या बऱ्याच आहेत, आणि तोवर तुमच्याकडे दाखवायला जॉब असतो. उत्पन्नाचा दाखला तेवढा नवा काढा, एप्रिलमध्ये.